वच्छलाबाईंचा बगीचा आणि माझा काळा रंग

अमरावतीपासून समुद्र फार लांब. तरी माझ्या रविवारच्या वर्गात जेवढी नारळाची झाडं रंगवली गेली, तेवढी एखाद्या कोकणातल्या गावातही नसतील. तैलरंगात निसर्गचित्र शिकायला येणारा माणूस पहिल्या दिवशी पिशवीतून कॅलेंडरचं पान काढायचा. त्यावर समुद्र, होडी, वाकलेलं नारळाचं झाड आणि बुडता सूर्य. एक वकीलसाहेब तीन वर्षं तो एकच सूर्य बुडवत होते. मी एकदा म्हटलं, "साहेब, आपल्याकडे सूर्य तुरीच्या शेतात बुडतो, तो काढून पाहा की." ते म्हणाले, "मास्तर, तो तं फुकटात दिसते. भिंतीवर कायले टांगू?"

मी पेशानं शाळेतला ड्रॉइंग मास्तर. अब्बा अकोल्यात बोर्ड रंगवायचे. किराणा दुकानं, ट्रकच्या पाट्या, दवाखान्याच्या भिंती, सगळं. त्यांच्या डब्यांतले रंग ढवळतच मी मोठा झालो. पुढे कलाशिक्षकाची पदविका केली आणि अमरावतीत नोकरीला लागलो. सोमवार ते शनिवार शाळा आणि रविवारी राजापेठेत एका दुकानाच्या वरच्या मजल्यावर तैलरंगाचा वर्ग. खाली झेरॉक्सचं दुकान, समोर ट्यूशन क्लास, दिवसभर गाड्यांचे हॉर्न. त्या गोंगाटात आम्ही शांत सरोवरं रंगवायचो.

या धंद्यातली एक गोष्ट बाहेरच्यांना ठाऊक नसते. प्रदर्शनात शिष्याचं चित्र बघून लोक 'वा' म्हणतात, त्यातलं निम्मं चित्र बहुतेक वेळा मास्तरचं असतं. जरा ब्रश इकडे द्या म्हणायचं, दोन फांद्या ओढायच्या, पाण्यावर चमक टाकायची. शिष्य खूश, घरचे खूश. मीही तेच करायचो आणि त्याचा मला अभिमान होता. 'रशीद मास्तरचा हात लागला की चित्र उठून दिसते,' असं लोक म्हणायचे. आज लिहितोय ते त्या हाताबद्दलच.

वच्छलाबाई वर्गात शिकायला आल्याच नव्हत्या. त्या तक्रार घेऊन आल्या होत्या. दिवाळी होऊन गेली होती. खालचं झेरॉक्सचं दुकान त्यांच्या मुलाचं, दिनकरचं. नवरा वारल्यावर दिनकरनं आईला मोर्शीजवळच्या गावाहून इथं आणलं होतं. सुती नऊवारी, हातात कथलाचं कडं, साठीची बाई. दारात उभ्या राहून म्हणाल्या, "हा वास कायचा येऊन राहिला खाली? डोकं उठलं माह्यं."

"टर्पेंटाइनचा, मावशी. रंग पातळ करायला लागतो."

त्या आत आल्या. टेबलावरची बाटली उचलून हुंगली. "हा नाही. हे तं जवसाचं तेल हाय."

जवसाचंच होतं. तैलरंग जवसाच्या तेलात घोटलेला असतो. वऱ्हाडात ज्या जवसाची चटणी करतात, त्याच जवसाच्या. हे माझ्या एकाही शिष्यानं आपणहून ओळखलं नव्हतं.

त्या दिवशी टेबलावर मी पाच संत्री मांडून ठेवली होती आणि कॉलेजातल्या दोन मुली ती रंगवत होत्या. वच्छलाबाई एकीच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या. बराच वेळ बघून म्हणाल्या, "बाई वो, हे मृगाचं काढून राहिली का आंबियाचं?"

मुलगी गोंधळली. संत्र्याला वर्षात दोन बहार येतात हे तिला माहीत नव्हतं. वच्छलाबाईंनी टेबलावरचं एक संत्रं उचललं, "हे आंबियाचं. साल पातळ, रंग पिवळ्याकडे. मृगाचं असं लालसर चढते. तू आंबियाले मृगाचा रंग देऊन राहिली," असं म्हणून ते परत ठेवलं आणि निघून गेल्या.

पुढच्या रविवारी त्या पुन्हा आल्या आणि कोपऱ्यातल्या स्टुलावर बसल्या. वर्ग सुटल्यावर म्हणाल्या, "मास्तर, मले माह्या बगीच्याचं चित्र काढून पाह्यजे."

"फोटो काढा ना मावशी. दिनकरभाऊंकडे कॅमेरा आहे."

"काढले. त्यात नुसत्या वाळल्या काड्या येतात."

मग त्यांनी सांगितलं. चार एकर संत्रा. त्या लग्न होऊन आल्या तेव्हा कलमं त्यांच्या गुडघ्याएवढी होती. आता आजूबाजूचे बोअर खोल खोल गेले आणि विहिरीनं तळ दाखवला. दोन उन्हाळे टँकरनं पाणी घातलं, तरी झाडं शेंड्याकडून वाळत आली. विहिरीजवळच्या दोन ओळी तेवढ्या हिरव्या होत्या. दिनकर होळीच्या आत सगळा बगीचा तोडणार होता. त्या वर्षांत मोर्शीच्या रस्त्यानं गेलं की दोन्ही बाजूंना संत्र्याच्या लाकडाचे ढीग दिसायचे. कोणाचं कोणाला नवल वाटत नव्हतं.

"मी नाही म्हनत नाही त्याले," त्या म्हणाल्या. "पानीच नाही तं झाड काय हवा पिऊन जगन? पन तुटाच्या आंधी एक डाव काढून पाह्यजे."

"मी येऊन काढून देतो."

"तुमाले कसं येईन? तुमी कुठी राह्यले तिथं? मले शिकवा."

होळीला तीन महिने होते. रेखाटन यायलाच माणसाला दोन वर्षं लागतात. या बाईंनी हातात कधी पेन्सिल धरली नव्हती. झाड काढायला सांगितलं तर त्यांनी खराट्यासारख्या पाच रेघा ओढल्या आणि स्वतःच हसल्या.

तेव्हा मला इम्प्रेशनिस्ट पद्धत आठवली. खरं सांगतो, मोठ्या कलाविचारानं नाही, अडचणीत सापडलो म्हणून आठवली. फ्रान्समधल्या काही चित्रकारांनी ही पद्धत काढली. पदविकेच्या लेखी परीक्षेत मी तिच्यावर दहा ओळींचं उत्तर लिहिलं होतं, तेवढाच माझा तिचा संबंध. त्यांचं म्हणणं साधं होतं. झाड काढू नका, झाडावर पडलेलं ऊन काढा. आधी रेघ मारून आत रंग भरायचा नाही. डोळे बारीक करायचे, समोर जे रंगांचे तुकडे दिसतील ते एकाशेजारी एक ठेवायचे. फार घोटायचं नाही. जागेवर उभं राहून, ऊन सरकायच्या आत उरकायचं. आणि काळा रंग पेटीत ठेवायचाच नाही, कारण उजेडात काळं काही नसतं.

हे शेवटचं मी वच्छलाबाईंना पुस्तकातलं वाक्य म्हणून सांगितलं. मी स्वतः सावलीत काळाच घालत आलो होतो. अब्बांच्या बोर्डवरची अक्षरंही काळ्या सावलीनंच उठून दिसायची.

तीन रविवार त्यांनी वर्गात नुसते ठिपके मारले. राठ केसांचा चपटा ब्रश, हार्डबोर्डची प्रायमर लावलेली फळी, पाच रंग आणि पांढरा. वकीलसाहेब आपल्या सूर्यावरून मान वळवून बघायचे. "मावशी, हे काय हाय?" वच्छलाबाई म्हणायच्या, "अजून काही नाही. हात बसून राहिला."

पौषात आम्ही रविवारी बगीच्यात जायला लागलो; वर्ग मी दुपारवर ढकलला. पहाटेची एसटी, काखेत घडीचं इझल, म्हणजे फळी टेकवायची तिपाई. कंडक्टरनं पहिल्या दिवशी विचारलं, "मोजणीवाले का?" वच्छलाबाई म्हणाल्या, "हो बाप्पा, मोजाले चाल्लो."

बगीचा मी पहिल्यांदा बघितला तेव्हा मला त्यात चित्र दिसलं नाही. पुढच्या ओळी करड्या, फांद्यांचे शेंडे मेलेले. मागे विहिरीजवळ हिरवा पट्टा, त्यात थोडी फळं. मी सवयीनं मनातल्या मनात त्याला सुधारायला लागलो. इथं एक पाऊलवाट घालू, तिथं डोक्यावर टोपली घेतलेली बाई उभी करू.

वच्छलाबाईंनी मात्र विहिरीच्या बांधाशी जागा धरली आणि डोळे बारीक केले. थोड्या वेळानं म्हणाल्या, "मास्तर, सावलीले कोनता घेऊ?"

"बर्न्ट अंबर घ्या. हा तपकिरी. त्यात थोडा निळा."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग झाडाखाली बघितलं. "तपकिरी कुठी हाय?"

"सावली अशीच असते मावशी."

"नाही बा. जांभळी हाय. वांग्यावानी. पाहा ना, देठापाशी वांगं कसं असते, तसं."

मी बघितलं. मला मातीच दिसली. "तुम्हाला वाटते तसं करा," म्हटलं, "शिकताना चालते." त्यांनी निळ्यात किरमिजी घातला आणि झाडाखाली एक जाड फटकारा ओढला. शेजारी उन्हाच्या पिवळ्याचे तीन ठिपके ठेवले. मला ते बटबटीत वाटलं. पण मी चार पावलं मागे गेलो आणि ती जमीन एकदम तापली. सकाळच्या थंडीतलं कोवळं ऊन असतं ना, तसं ते फळीवर पडलं होतं. हे त्यांना तेव्हाच सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

असे चार रविवार गेलो. तीच जागा, तीच वेळ. पहिल्या तीन फळ्या त्यांनी स्वतःच पुसून टाकल्या. चौथ्या रविवारी दीड तासात चित्र झालं. झाडं अशी नव्हतीच त्यात. हिरव्या-करड्याचे थर, मधे नारिंगी ठिपके, खाली तो वांग्याचा रंग, आणि सगळ्यावर एक ओलसर उजेड. ब्रश खाली ठेवून त्या म्हणाल्या, "झालं. आता तोडा म्हना."

तैलरंग वाळायला वेळ लागतो. वरून आठ दिवसांत कोरडा वाटतो, पण आत महिनाभर ओला असतो. म्हणून फळी वर्गातच ठेवली. वच्छलाबाई तोडणीसाठी दिनकरबरोबर गावाला गेल्या.

महाशिवरात्रीच्या सुमारास आमच्या वर्गाचं वार्षिक प्रदर्शन असायचं. आदल्या शनिवारी मी चित्रं भिंतीवर लावून पाहत होतो. वकिलांचा सूर्य, बर्फाचा डोंगर, राधाकृष्ण. मधे वच्छलाबाईंचा बगीचा. आणि मला लाज वाटली. त्यांची नाही, माझी. पाहुणे येणार, शाळेचे मुख्याध्यापक येणार, विचारणार, 'मास्तर, हे काय शिकवलं?' नुसते डाग.

मी बारीक ब्रश घेतला. आधी फक्त एक खोड, म्हणजे झाड आहे हे कळेल. खोडाला फांद्या हव्यात. फांद्यांवर गोल संत्री, प्रत्येकावर चमकीचा पांढरा ठिपका. मग वरचं सगळं ठसठशीत झालं आणि खालचा जांभळा खुपायला लागला. मी पेटीच्या तळाचा काळा काढला आणि सावल्या काळ्या केल्या. पाऊण तासात चित्र 'उठलं'. मागे सरून बघितलं तेव्हा मला समाधान वाटलं, हे लपवत नाही.

अब्बा बोर्ड रंगवताना म्हणायचे, "ब्रश चलाना सब को आता है बेटा, उठाना किसी किसी को." वेळेवर थांबायला सांगणारं ते वाक्य मी शेकडो मुलांना ऐकवलं होतं.

रविवारी सकाळी वच्छलाबाई आल्या त्या एसटी स्टँडवरून थेट. पायांवर गावाची धूळ तशीच. बगीचा गुरुवारी संपला होता. त्या भिंतीपुढे उभ्या राहिल्या, एक चित्र, दुसरं चित्र, मग तिथं थांबल्या.

"मास्तर, माह्यं कुठी हाय?"

"हे काय मावशी. समोरच."

त्यांनी बघितलं. जवळ गेल्या, बोट लावणार तोच हात मागे घेतला. "हा कोनाचा बगीचा हाय?"

"तुमचाच. थोडं नीट करून दिलं मी. लोकांना कळायला पाहिजे ना."

त्या रागावल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. त्यांनी माझ्याकडे वळून अगदी साधेपणानं विचारलं, "तुमी तिथं नव्हते का, मास्तर?"

चार रविवार मी त्यांच्या शेजारी उभा होतो.

त्या जिना उतरून गेल्या. मी प्रदर्शन उघडायच्या आधी ते चित्र काढून घेतलं, कपड्याला टर्पेंटाइन लावून माझा थर पुसायला बसलो. वरचा ओला रंग निघत होता. खोड निघालं, संत्री निघाली. पण सावलीत त्यांचा रंग जाड होता, आतून कच्चा. माझ्या काळ्याबरोबर तोही सुटला आणि दोन्ही मिळून राखेसारखा चिखल झाला. जितकं पुसलं तितका पसरला. शेवटी कपडा टाकून दिला. वर उजेड होता तसा होता, खाली जमीन गेली होती. आणि झाडं आता कुठंच नव्हती, की म्हणावं चला मावशी, पुन्हा काढू.

ती फळी मी दिनकरच्या दुकानात नेऊन दिली, काय घडलं ते त्याला सांगितलं. तो मशीनवर कागद लावत होता. म्हणाला, "माय रडली नाही मास्तर. झाडं पडली तवाबी नाही. पन आली तशी गावाले वापस गेली. म्हने, इथं जीव नाही लागत." फळी त्यानं काउंटरमागे टांगली. अजून तिथंच आहे. झेरॉक्स काढायला गेलं की माझी नजर त्या खालच्या भागावर जाते.

तीन आठवडे मी वर्गात कोणाच्या चित्राला हात लावला नाही. शिष्यांना वाटलं, मास्तर आजारी आहेत. चौथ्या रविवारी वर्ग बंद ठेवला, रंगांची लाकडी पेटी, इझल आणि एक कोरी फळी घेतली आणि मोर्शीची एसटी धरली.

वच्छलाबाई शेतातच सापडल्या. चार एकर मोकळं. खोडं उपटून नेलेली, जागोजागी खड्डे, आणि खड्ड्यांत त्या टोपलीनं माती लोटत होत्या. मला बघून म्हणाल्या, "एवढ्या उन्हात कायले आले? बसा, चहा ठेवते."

"चहा नंतर. मावशी, माझं चुकलं. मले माफ करा."

माझ्या तोंडून 'मले' निघालं. अकोल्याचं बालपण वर आलं बहुतेक. शिष्याची माफी मागायची माझी पहिलीच वेळ होती.

त्यांनी टोपलीतली माती खड्ड्यात लोटली. मग म्हणाल्या, "तुमाले वाईट वाटलं म्हनून आले, का फळी घेऊन शिकवाले आले?"

"शिकवायला नाही. तुम्ही आठवणीतून काढाल पुन्हा, म्हणून आणली."

"आठवनीतून नाही येत. आठवनीत तं सगळीच झाडं हिरवी हायेत. ते खोटं होईन."

त्यांनी टोपली खाली ठेवली, पदरानं हात पुसले आणि उत्तरेकडे हनुवटी केली.

"ते पाहा. सातपुडा. लग्न होऊन आली तवा इथून दिसे. मंग झाडं मोठी झाली अन् दडला. तीस-पस्तीस वर्सं या वावरात राबली, पन मले इसरच पडला होता का इथून डोंगर दिसते म्हनून. ज्या दिवशी शेवटची ओळ पडली, त्या दिवशी मान वर केली तं हा समोर."

क्षितिजावर डोंगराची लांब ओळ पडली होती. मी इझल उभं केलं, फळी लावली, पेटी उघडून त्यांच्या हाताशी ठेवली आणि मागे सरलो. त्यांनी डोळे बारीक केले. किती तरी वेळ नुसत्या बघत होत्या. मग निळा घेतला, त्यात पांढरा, त्यात गुलाबीचा एक कण, आणि फळीच्या मधोमध आडवा पट्टा ओढला. खाली खड्ड्यांची जमीन आली, उघडी, तापायला लागलेली. पट्टा जरा उजवीकडे कलला. माझी जीभ वळवळली. मी हात पाठीमागे बांधले.

अर्धी फळी झाली असेल, त्या थांबल्या. "मास्तर, दुसरी द्या."

"कायले? ही तर अजून बाकी आहे."

"डोंगर बदलला. मंघा निळा होता, आता पाहा, राख पडल्यावानी झाला. हा वेगळा हाय, याले वेगळी फळी पाह्यजे."

हे मी त्यांना शिकवलं नव्हतं. ऊन बदललं की फळी बदलायची, हे त्या फ्रान्समधल्या चित्रकारांनी केलं होतं म्हणतात. मोर्शीच्या वावरात वच्छलाबाईंना ते डोंगरानं सांगितलं.

दुसरी फळी मी आणलीच नव्हती. इकडेतिकडे बघितलं. मग पेटीतल्या ट्यूबा काढून रुमालावर मांडल्या, बिजागरीचा खिळा ओढून झाकण सुटं केलं. आतून साधं पांढरट लाकूड होतं. इझलवर पहिली फळी ओली, ती हलवता येईना. मी झाकण दोन्ही हातांनी धरून त्यांच्यापुढे उभा राहिलो.

माझी पाठ डोंगराकडे होती. चित्र मला दिसत नव्हतं, फक्त लाकडावर ब्रश आपटल्याचा धक्का बोटांना कळत होता. एक इथं, एक तिथं, मग बराच वेळ काही नाही, मग पुन्हा. ऊन डोक्यावर आलं. खांदे भरून आले.

"हालू नका, मास्तर," वच्छलाबाई म्हणाल्या.

मी हललो नाही.